एकाच डॉल्फिनची चार नावे: नाशिकमधील एका फोटो-ओळख प्रकल्पाचे प्रकरण

या प्रकरणातील महाविद्यालय, माणसे आणि किनाऱ्यावरील नेमकी जागा ओळखू येणार नाही अशा रीतीने मांडली आहे. प्रकल्पाचे स्वतःचे आकडे दिलेले नाहीत. गणित समजण्यासाठी जिथे आकडे घेतले आहेत, तिथे ते उदाहरणादाखल आहेत.

पार्श्वभूमी

नाशिकपासून समुद्र लांब आहे. तरीही दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत मालवण, तारकर्ली, दापोली, हर्णै या बाजूला जाणारी कुटुंबे शहरात भरपूर आहेत, आणि सकाळच्या डॉल्फिन फेरीचे फोटो घेऊनच ती परततात. एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने त्यावरूनच प्रकल्प आखला. पर्यटकांकडून फोटो मागवायचे, पाठीवरच्या परावरून एकेक डॉल्फिन ओळखायचा आणि त्यांचा कॅटलॉग बांधायचा. नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात वर्षानुवर्षे पक्षी टिपणारे काही हौशी छायाचित्रकारही सामील झाले. मोठ्या लेन्स त्यांच्याकडे होत्या आणि कोकणात स्वखर्चाने जायची तयारीही होती.

कल्पना चांगलीच होती. कोकण किनाऱ्यालगत प्रामुख्याने दिसतो तो हम्पबॅक डॉल्फिन. पाठीवर कुबडासारखा उंचवटा आणि त्यावर लहानसा पर, अशी त्याची ठेवण. तो उथळ पाण्यात, बहुधा २५ मीटरपेक्षा कमी खोलीत राहतो. म्हणजे मासेमारीची जाळी, बंदरे आणि पर्यटकांच्या बोटी जिथे आहेत, नेमका तिथेच. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. मादी वयात यायला साधारण दहा वर्षे लागतात आणि दोन पिल्लांमध्ये साधारण तीन वर्षांचे अंतर असते. अशा प्राण्याच्या थोड्या प्रौढ माद्या जाळ्यात गेल्या तरी संख्या सावरायला फार काळ लागतो. म्हणून किती आहेत आणि त्यातले कोणते पुन्हा दिसतात, हे कळणे महत्त्वाचे.

विभागाला आणखी एक ओढ होती. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असताना जाळ्याच्या कडेने फिरणारे डॉल्फिन काही फोटोंत होते. ही सवय एखाद्याच गटाची असेल का, आईकडून पिल्लाकडे जात असेल का, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडला. तो गैर नव्हता. ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे काही बॉटलनोज डॉल्फिन तोंडावर स्पंज धरून समुद्रतळ उकरतात आणि ही रीत मुख्यतः आईकडून मुलीकडे जाते. ब्राझीलमधील लगुना येथे काही डॉल्फिन बोय मासे पाग (हाताने फेकायचे जाळे) टाकणाऱ्या कोळ्यांकडे हाकत आणतात. सगळे तसे करत नाहीत, आणि जे करतात त्यांचा आपसातला सहवास जास्त असतो. अमेरिकेच्या मेन आखातात १९८० मध्ये एका हम्पबॅक देवमाशाने खाद्य घेरण्यापूर्वी पाण्यावर शेपटी आपटल्याची नोंद झाली. ती रीत सोबत्यांकडून सोबत्यांकडे पसरली, हे २७ वर्षांच्या नोंदींवरून दाखवता आले. या तिन्ही ठिकाणी संस्कृतीबद्दल, म्हणजे एकमेकांकडून शिकलेल्या रीतींबद्दल, बोलता येते, कारण कोण कोण आहे हे आधी पक्के झाले होते.

अडचण

दोन हंगामांत कॅटलॉग भराभर वाढला. किती फोटो तपासले आणि त्यातून किती नवे प्राणी मिळाले, याचा आलेख सरळ वर चढत होता. एकाच भागातले फोटो येत असतील तर हा आलेख काही काळाने वाकायला हवा, कारण जुनीच मंडळी पुन्हा दिसू लागतात. तो वाकत नव्हता. विभागाने सुरुवातीला त्याचा अर्थ ‘इथे डॉल्फिन खूप आहेत’ असा लावला.

पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने वेगवेगळ्या क्रमांकांच्या चार परांचे फोटो टेबलावर शेजारी शेजारी मांडले, तेव्हा खरे कारण दिसले. ते चारही एकाच डॉल्फिनचे निघाले. त्या चार नावांमागची चार कारणे वेगवेगळी होती. अशा प्रकल्पात जे काही बिघडू शकते ते जवळपास सगळे त्यात आले होते, म्हणून ती एकेक पाहू.

पहिले नाव डाव्या बाजूच्या स्वच्छ फोटोवरून पडले होते. पराच्या मागच्या कडेला दोन खाचा आणि बुडाशी फिकट डाग. दुसरे नाव उजव्या बाजूच्या फोटोवरून. उजवीकडे डाग नव्हता, म्हणून प्राणी वेगळा धरला गेला. कडेवरची खाच आरपार असते. ती दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त आरशातल्यासारखी उलट. डाग आणि ओरखडे मात्र ज्या बाजूला असतात त्याच बाजूला दिसतात. उसातल्या बिबट्यांच्या कॅमेरा ट्रॅपवर पूर्वी काम केलेल्या एका सदस्याला हे लगेच उमगले. बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपके वेगळे असतात, आणि दोन्ही बाजू एकत्र टिपल्याशिवाय त्या एकाच जनावराच्या आहेत असे म्हणता येत नाही. डॉल्फिनच्या बाबतीत निदान खाचांचा आधार असतो. तो इथे वापरलाच नव्हता.

तिसरे नाव उलट्या केलेल्या फोटोवरून पडले. एका छायाचित्रकाराने मांडणी चांगली दिसावी म्हणून फोटो आडवा पलटवला होता. पक्ष्यांच्या फोटोत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे डाव्या बाजूचा डाग उजवीकडे गेला आणि कॅटलॉगमध्ये एक डॉल्फिन वाढला.

चौथ्या नावाचा घोळ सर्वांत शिकवणारा आहे. व्हॉट्सॲपवरून आलेल्या एका मोबाइल फोटोत त्या परावर एकच खाच दिसत होती. जुळणी करणाऱ्याचा तर्क बरोबर होता. खाच एकदा पडली की बुजत नाही, म्हणून दोन खाचांचा पर पुढे एका खाचेचा होऊ शकत नाही. चूक तारखेत होती. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून मूळ तारीख-वेळेची माहिती निघून जाते, आणि नोंदवहीत फोटो मिळाल्याची तारीख चढली होती. प्रत्यक्षात तो फोटो आधीच्या हंगामातला, दुसरी खाच पडण्यापूर्वीचा होता.

मोबाइल फोटोंची मर्यादा साध्या गणितात दिसते. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरील साधारण २६ मिमी लेन्सच्या तोडीची असते. ५० मीटरवरच्या डॉल्फिनकडे धरल्यास चौकटीत सुमारे ६९ मीटर रुंदी मावते. मूळ फोटो ४००० पिक्सेल रुंद असेल तर एका पिक्सेलमध्ये पावणेदोन सेंटिमीटर येतात. पाठवताना तो १६०० पिक्सेलवर आला तर सव्वाचार. सेंटिमीटरभराची खाच त्यात उरतच नाही. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ३०० मिमी लेन्स लावली तर त्याच अंतरावर चौकट ६ मीटरची होते आणि ६००० पिक्सेलच्या फोटोत एक पिक्सेल म्हणजे एक मिलिमीटर. मोबाइलच्या फोटोत पर ‘स्वच्छ’ दिसतो याचा अर्थ तो बिनखाचेचा आहे असा होत नाही.

या चुकांनी संख्येवर काय परिणाम होतो? समजा पहिल्या हंगामात ४० प्राणी ओळखले, दुसऱ्या हंगामात ४०, आणि दोन्हींत समान ८. दोन वेळच्या ओळखींतल्या समान प्राण्यांवरून एकूण संख्येचा अंदाज देणाऱ्या चॅपमनच्या सूत्राने (४१ × ४१ ÷ ९) − १, म्हणजे सुमारे १८६ डॉल्फिन. आता कळले की आणखी ८ जुळण्या नजरेतून सुटल्या होत्या आणि समान प्राणी १६ आहेत. उत्तर ९८ वर येते. त्यातच प्रत्येक हंगामातली दुबार नावे काढून आकडे ३० आणि ३२ झाले, तर उत्तर ५९. समुद्रात काहीही बदललेले नाही, पण १८६ चे ५९ झाले. उलट दिशेची चूकही तितकीच खरी आहे. वेगळे प्राणी घाईने एक ठरवून १६ च्या जागी २० जुळण्या मांडल्या, तर उत्तर ४८ पर्यंत घसरते.

रापणीच्या प्रश्नाचीही हीच गत झाली. ‘रापणीजवळचे’ म्हणून वेगळे काढलेले काही डॉल्फिन एकमेकांसोबत कधीच दिसत नव्हते. ते दोन विरोधी गट असावेत, असा एक देखणा तर्क मांडला गेला होता. एकाच प्राण्याची दोन नावे एकाच फोटोत कशी येणार? ओळखीच्या खुणा असलेले दोन प्राणी बाकी सर्वांसोबत दिसतात, पण एकमेकांसोबत कधीच दिसत नाहीत, असे आढळले की सामाजिक अर्थ लावण्यापूर्वी त्यांचे पर पुन्हा तपासायचे.

समोर असलेले पर्याय

याच सुमारास एका स्थानिक वार्ताहराला प्रकल्पाची माहिती होती आणि तो आकडा मागत होता. विभागप्रमुखांनाही तो हवा होता. वर्षभर राबलेल्या विद्यार्थ्यांचे काम लोकांसमोर यावे, ही त्यांची इच्छा रास्त होती.

आकड्यापुढे ‘अंदाजे’ लावून तो देऊन टाकणे, हा पहिला मार्ग. अंदाज म्हणजे दोन्ही बाजूंना थोडेफार चुकू शकणारा आकडा. इथली चूक एकाच बाजूला, संख्या फुगवण्याकडे झुकलेली होती, आणि फुगलेली संख्या संरक्षणाच्या विरोधातच वापरली जाते.

मोबाइलचे सगळे फोटो टाकून फक्त मोठ्या लेन्सचे ठेवावेत, असे छायाचित्रकारांचे म्हणणे होते. त्याने दर्जा सुधारला असता, पण पलटवलेला फोटो मोठ्या लेन्सचाच होता. शिवाय पक्षी टिपणाऱ्यांची सवय सर्वोत्तम एक फोटो ठेवून बाकीचे पुसण्याची असते. उडी मारणाऱ्या डॉल्फिनचा फोटो ठेवला जातो आणि पाण्याबाहेर जेमतेम आलेल्या पाठीचे वीस फोटो जातात. ओळखीसाठी ते वीसच हवे असतात.

काही विद्यार्थ्यांना सगळे सॉफ्टवेअरवर सोपवावेसे वाटत होते. पराची कड ओळखून जुळणी सुचवणारी साधने आहेत आणि ती उपयोगी आहेत. मात्र ती संभाव्य जुळण्यांची क्रमवार यादी देतात, शेवटचा निर्णय माणसालाच करावा लागतो. पलटवलेला फोटो आणि चुकीची तारीख त्यांना कळत नाही.

उरला तो सर्वांत मंद मार्ग: कॅटलॉग गोठवायचा, नियम आधी लिहायचे आणि सगळी जुळणी नव्याने करायची. १०० परांची प्रत्येकाशी तुलना करायची तर ४,९५० जोड्या होतात. तरीही हाच मार्ग निवडला गेला, आणि वार्ताहराला या हंगामात आकडा मिळणार नाही असे कळवले गेले.

काय केले

पहिले काम फोटोंच्या वंशावळीचे. प्रत्येक पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल मागितली. व्हॉट्सॲपवरून पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. मूळ फाइल मिळाली नाही तर फोटो ओळखीच्या कामातून बाद. तारखेची खात्री दुसऱ्या एखाद्या पुराव्याने केली, जसे बोटीची पावती किंवा त्याच फेरीतला दुसऱ्या कॅमेऱ्याचा फोटो. बॅटरी बराच काळ उतरलेल्या काही कॅमेऱ्यांचे घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर परत गेलेले असते, तेही इथेच सापडले. पलटवलेले फोटो शोधायला बोटीवरचा नोंदणी क्रमांक कामी आला. अक्षरे उलटी दिसली की प्रश्न मिटला. क्रमांक नसेल तिथे किनारा चौकटीच्या कोणत्या बाजूला आहे आणि सकाळचे ऊन कुठून येते, हे पाहिले.

मग प्रत्येक फोटोला दर्जा दिला, १ (सर्वांत चांगला) ते ४: फोकस, कोन, पराचा चौकटीतला आकार, आणि पराचा किती भाग पाण्याने किंवा शिंतोड्यांनी झाकला आहे. कोनाकडे सर्वांत कडक नजर ठेवली, कारण पर तिरका झाला की खाच मिटल्यासारखी दिसते. हा दर्जा देताना पर कुणाचा आहे हे पाहायचे नाही. ओळखीचा पर दिसला की वाईट फोटोही बरा वाटू लागतो. ठळकपणाचा दर्जा वेगळा दिला: ठळक खाचांचा, बारीक खुणांचा, बिनखुणेचा. पिल्ले बहुधा तिसऱ्या गटात पडतात आणि त्यांना आईच्या सोबतीशिवाय ओळखता येत नाही.

जुळणीचे एकक फोटो न ठेवता ‘भेट’ ठेवले, म्हणजे एका कळपासोबतचा एक सलग वेळ. एका भेटीतले सलग फोटो आधी आपसात लावून प्रत्येक प्राण्याचा डावा आणि उजवा असा एकेक उत्तम फोटो निवडला. उजवा फोटो पलटवून डाव्यावर ठेवला आणि मागच्या कडेची रेषा जुळते का ते पाहिले. ज्यांच्या कडेला खाच नाही, फक्त डाग आहेत, त्यांच्या दोन बाजू जोडल्या नाहीत. संख्या मोजताना त्यांची एकच बाजू धरली.

जुळणी दोघांनी स्वतंत्रपणे केली. तारीख, ठिकाण, जुने नाव, सगळे झाकलेले. दोघांचे एकमत झाले तरच जुळणी, मतभेद झाला तर तिसऱ्याकडे, आणि तारखा फक्त त्या तिसऱ्याला दिसणार. या ढिगात काही चाचणी जोड्या मुद्दाम मिसळल्या होत्या: एकापाठोपाठ एक पटापट टिपलेल्या एकाच मालिकेतले दोन फोटो, म्हणजे नक्की एकच प्राणी, आणि एकाच चौकटीतले दोन पर, म्हणजे नक्की वेगळे. पहिल्यांवरून किती जुळण्या सुटतात ते कळते, दुसऱ्यांवरून किती खोट्या लागतात ते. पहिल्या फेरीत सुटलेल्या जोड्या बहुतेक तिसऱ्या दर्जाच्या फोटोंमधल्या निघाल्या. त्यामुळे ओळखीसाठी १ आणि २ एवढेच दर्जे ठेवायचे ठरले. हा नियम निकाल पाहण्यापूर्वी लिहून त्यावर सह्या घेतल्या, हे विशेष चांगले झाले.

दुसरा निर्णय, जो अधिक अवघड ठरला

कॅटलॉग स्वच्छ झाल्यावर आकड्याचा मोह पुन्हा आला. आता तर तो द्यायला हरकत नव्हती, असे सर्वांना वाटत होते. सांख्यिकी विभागातील एका प्राध्यापिकांना गणित तपासायला दिले. त्यांनी सूत्राकडे पाहिलेच नाही.

“सर, डॉल्फिन न दिसता परत आलेल्या बोटी किती?” त्यांनी विभागप्रमुखांना विचारले.

“त्यांचे फोटोच नाहीत, मॅडम.”

“मग हे फोटो समुद्राचे नाहीत, पर्यटकांच्या वाटेचे आहेत.”

मुद्दा बिनतोड होता. फोटो फक्त सहलीच्या पट्ट्यातले, सुट्टीच्या दिवसांतले, सकाळचे. पावसाळ्यात बोटी बंद म्हणून फोटो शून्य. बोटीजवळ बिनधास्त येणारे डॉल्फिन पुन्हा पुन्हा टिपले जातात, बुजरे कधीच नाहीत, आणि त्यामुळे अंदाज या वेळी उलट बाजूला, कमीकडे झुकतो. शिवाय हे सूत्र खुणा असलेल्यांचीच संख्या सांगते. उदाहरणातले ५९ घ्या. कळपात ६० टक्केच प्राण्यांना ओळखीच्या खुणा असतील तर एकूण ९८ होतात, आणि तो टक्का काढायला खुणा पाहून निवड न करता, दिसेल तो प्रत्येक पर टिपलेला असावा लागतो. इथे तसे कुणीच केले नव्हते.

नांदूर मधमेश्वरच्या पक्षी गणनेत ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागांवरून, पक्षी नसला तरी शून्य लिहिले जाते. तीच माणसे इथे होती, पण ती शिस्त सोबत आली नव्हती. फोटो आपोआप जमा होत होते म्हणून नियोजनाची गरजच कुणाला वाटली नाही. प्रकल्पाने संख्या न देण्याचा निर्णय घेतला. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय आहे, कारण तो घेताना हातात एक चांगला दिसणारा आकडा होता.

निष्पत्ती

कॅटलॉग बराच आकसला आणि नव्या प्राण्यांचा आलेख अखेर वाकू लागला. रापणीच्या सवयीचा दावा मागे घेतला गेला. उरल्या त्या सुट्या नोंदी: अमुक डॉल्फिन अमुक भेटीत जाळ्याच्या कडेला होता, एवढेच. त्यावरून गट, वारसा किंवा शिकवण यांबद्दल काही म्हणता येत नाही.

फोटो वाया मात्र गेले नाहीत. जे फोटो ओळखीला अपुरे होते, त्यांतही बोटींचे वागणे स्पष्ट दिसत होते. किती बोटी एका कळपाभोवती आहेत, कळपाच्या वाटेवर आडवी कोण गेली आहे, पिल्लू सोबत असताना बोट किती जवळ आहे. हे वेगळ्या तक्त्यात मांडले. परांवरचे दोरीचे काप आणि सरळ रेषेतले खोल घावही वेगळे नोंदवले, कारण त्यांतून जाळ्यांशी आणि बोटींच्या पंख्यांशी झालेल्या गाठी समजू शकतात. हे सारे आणि मूळ फाइलींसह कॅटलॉग किनाऱ्यावर नियमित काम करणाऱ्या अभ्यासकांकडे सोपवले. दोन ठिकाणी दोन कॅटलॉग राहिले असते तर एकाच डॉल्फिनची नावे पुन्हा वाढली असती.

नेमक्या जागा जाहीर केल्या नाहीत. एका सहल चालकाने ‘हमखास’ जागांची यादी मागितली होती. ती दिली असती तर तक्त्यातले बोटींचे आकडे पुढच्या हंगामात नक्कीच वाढले असते. वार्ताहरानेही समजून घेतले. त्याने बातमी केली ती फोटो कसे काढावेत आणि बोटवाल्याला काय सांगावे याची: कळपाला समांतर चला, वेग कमी ठेवा, वाट अडवू नका, पिल्लू दिसले की मागे राहा.

वेगळे काय करता आले असते

फोटो मागवण्याआधी प्रश्न ठरवायला हवा होता. संख्या, सहवास आणि बोटींचा त्रास या तीन प्रश्नांना तीन वेगळ्या प्रकारचे फोटो लागतात. पर्यटकांच्या फोटोंवर तिसरा प्रश्न चांगला उभा राहतो, पहिला जवळपास नाहीच.

किनाऱ्यावरच्या अभ्यासकांशी पहिल्याच महिन्यात बोलायला हवे होते. डावी-उजवी बाजू आणि दर्जाचे नियम त्यांच्याकडे तयार असतात. नाशिकच्या गटाने ते नव्याने शोधण्यात वर्ष घालवले.

पहिले पन्नास फोटो येताच चाचणी जोड्या लावून पाहिल्या असत्या, तर चूक तेव्हाच दिसली असती. जुळणी चुकते आहे का, हे पाहण्यासाठी कॅटलॉग मोठा होण्याची वाट पाहायची गरज नसते.

आता छायाचित्रकारांसाठी एक पानी सूचना तयार आहे. बोटीत बसताच जीपीएस चालू असलेल्या मोबाइलच्या घड्याळाचा फोटो काढायचा, म्हणजे कॅमेऱ्याची वेळ नंतर दुरुस्त करता येते. शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान. सकाळी शक्य तेव्हा बोट किनारा आणि कळप यांच्या मध्ये असावी, म्हणजे ऊन पाठीमागून येते, पण त्यासाठी कळपाची वाट कापायची नाही. दिसेल तो प्रत्येक पर टिपायचा, देखणा असो वा नसो. काहीही पुसायचे नाही, पलटवायचे नाही, संगणकावर फोटोची धार (शार्पनेस) वाढवायची नाही. डॉल्फिन दिसला नाही तरी फेरीची सुरुवात, शेवट आणि मार्ग लिहायचा.

काही पर अजून कोणत्याच नावाखाली बसलेले नाहीत. दोन्ही जुळणी करणाऱ्यांचे आणि तिसऱ्याचेही मत वेगवेगळे पडले. त्यांना नाव न देता ‘अनिर्णित’ म्हणून बाजूला ठेवले आहे. पुढच्या हंगामात त्यांची दुसरी बाजू मिळाली, तर जुळणी पुन्हा होईल.